कड्याच्या काठावरील मुक्काम

सह्याद्रीत ज्या ज्या स्थळी राहुटी ठोकून एक रात्र काढावी अशी अनिवार इच्छा मनात उद्भवते, त्यांत हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याचे स्थान बहुधा पहिले असेल. कारण अहिल्यानगर, पुणे आणि ठाणे या तीन जिल्ह्यांच्या हद्दी जेथे एकमेकींस येऊन भिडतात, तेथे हा नागफणीसारखा आत वळलेला अर्धवर्तुळाकार पाषाण कोकणाच्या अंगास हजार फुटांहून अधिक सरळ तुटलेला आहे, आणि त्याच्या काठावर पालथे पडून खाली डोकावणाऱ्यास प्रथम भय वाटते व मग त्या भयाचीच गोडी लागते. त्या गोडीने एका वैशाखात मला आणि माझ्या पुतण्याला कोठवर नेले होते, ते तिकडे जाणाऱ्यांच्या उपयोगी पडावे म्हणून नमूद करीत आहे.

पाचनईच्या वाटेने आम्ही दुपारी माथ्यावर पोहोचलो. बरोबर वाटाड्या म्हणून आलेले, साठी उलटलेले एक बाबा होते. हरिश्चंद्रेश्वराच्या देवळाजवळ त्यांनी कोरीव लेणी दाखविली आणि केदारेश्वराच्या गुहेतील कमरभर पाण्यात उभे असलेले भव्य लिंग व चार खांबांपैकी शिल्लक राहिलेला एकुलता एक खांबही दाखविला, परंतु आम्ही राहुटीचे ओझे उचलून कड्याकडे निघालो, तेव्हा ते थांबून म्हणाले, “दादा, कड्यावर बघायचं, अन् निजायला देवळापाशी यायचं.” मी म्हणालो, “बाबा, पोराची फार हौस आहे, एका रात्रीनं काय होतंय?” त्यांनी वाद घातला नाही. त्यांच्या त्या एका वाक्यात पिढ्यांचे शहाणपण साठविलेले होते हे मला तेव्हा उमगले नाही, याचा विषाद मला आजही वाटतो.

सूर्यास्त अपूर्व झाला. कड्यावर बसणाऱ्याचे मुख पश्चिमेकडे असते आणि वळवाचे ढग त्या दिवशी जमत होते ते आमच्या पाठीमागे, तारामती शिखराच्या बाजूस. तासभर आम्ही एकदाही मागे वळून पाहिले नाही. सौंदर्य ज्या दिशेस असते त्या दिशेनेच संकट येईल असे आपण नकळत गृहीत धरतो, आणि रानात हे गृहीत फार महाग पडते.

रात्री नऊच्या सुमारास वारा एकाएकी पडला, हवा थंड झाली, आणि मग पूर्वेकडून जो झोत आला त्याचे वर्णन करणे कठीण आहे. वादळी ढगाच्या पोटातून कोसळणारी थंड हवा जमिनीवर आपटून चहूकडे धावते. आमच्या माथ्यावर तिला अडविणारे काही नव्हते, आणि पुढे कडा होता. कातळात खुंट्या शिरत नाहीत म्हणून राहुटीचे दोर आम्ही धोंड्यांना बांधले होते. ते धोंडे फरफटले, कापड फुगून उडाले, आणि पुतण्या ते धरण्यासाठी अंधारात धावला. त्याच क्षणी वीज चमकली. त्या उजेडात मला तो दहा पावलांवर दिसला, आणि त्याच्यापुढे काहीच दिसले नाही. मी त्याच्या नावाने कसा ओरडलो ते मला स्मरत नाही. तो जागीच बसला. विजा कडाडत असताना बाबा हातात बॅटरी घेऊन आम्हाला शोधीत आले आणि आम्हा दोघांना त्यांनी लेण्यात नेले.

म्हणून आग्रहाने सांगतो की, मुक्कामाची जागा उजेड असतानाच, देखाव्याचा विचार बाजूस ठेवून निवडावी. ती काठापासून इतकी दूर असावी की झोपेतून उठलेला माणूस कोणत्याही दिशेस चालला तरी त्यास धोका पोहोचू नये. कापडी राहुटी विजेपासून यत्किंचितही संरक्षण देत नाही. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत आकडे मोजावेत. दर तीन सेकंदांस सुमारे एक किलोमीटर असा हिशोब आहे, आणि तीस सेकंदांच्या आत आवाज आला की सामानाचा मोह सोडून निघावे. गुहेतही तोंडाशी उभे राहू नये, भिंतीस टेकू नये, आत बसावे, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तरी बाहेर पडू नये. हा सारा प्रदेश कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात मोडतो. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे तेथे प्रवेशास परवाना लागतो आणि वनास धोका पोहोचेल असा विस्तव पेटविण्यास मनाई आहे. वैशाखातील वाळलेले गवत ज्याने पाहिले आहे त्याला या हुकुमाचे कारण विचारावे लागत नाही. शिवाय कड्यांना आग्या मोहळे असतात, आणि धुराने चवताळलेल्या माश्यांपुढे पळायला कड्यावर जागा नसते.

सकाळी राहुटीचा मागमूस नव्हता. बाबांनी चूल पेटविली नाही. घरून आणलेली भाकरी आमच्यापुढे ठेवली आणि पुतण्याच्या पाठीवरून हात फिरविला.

त्यानंतर मी अनेकदा त्या गडावर गेलो आहे. मागच्या खेपेस कड्यावर तीन राहुट्या होत्या. मी प्रत्येकीपाशी जाऊन ही हकीकत सांगितली. दोन राहुट्यांतील मंडळी बिछाने गुंडाळून माझ्याबरोबर देवळापाशी आली. तिसरीतील आली नाहीत. त्या रात्री आभाळ निरभ्र होते, वाराही नव्हता. तरी पहाटेपर्यंत मी लेण्याच्या दाराशी पश्चिमेकडे पाहत जागा होतो.