मराठी कळफलक : त्याची रचना व त्याचा स्पर्श



आपल्या संगणकवर्गांतील जुने कळफलक मोडींत काढण्याचें ठरलें तेव्हां त्या ढिगांतून एक जड, पिवळट पडलेला कळफलक मीं उचलून आणिला. तो आतां शिक्षकांच्या खोलींत माझ्या टेबलावर आहे, आणि वह्या देण्यास येणारा प्रत्येक विद्यार्थी त्याच्या दोनचार कळा दाबल्यावांचून परत जात नाहीं. "सर, हा एवढा वाजतो कां?" हा पहिला प्रश्न, "यावर मराठी अक्षरें अशीं विस्कटून कां मांडलीं आहेत?" हा दुसरा. दोन्ही प्रश्न चांगले आहेत. पण दुसऱ्याचें उत्तर आधीं दिलें पाहिजे, आणि त्यासाठीं संगणकाच्याही मागें, टाईपरायटरापर्यंत जावें लागतें.

अमेरिकेंत क्रिस्टोफर शोल्स यानें १८६८ सालीं ज्या यंत्राचें पेटंट घेतलें, त्याचीच सुधारलेली आवृत्ति रेमिंग्टन कंपनीनें १८७४ च्या सुमारास बाजारांत आणिली. तींत इंग्रजीच्या सव्वीस अक्षरांची सोय पाहिलेली होती. देवनागरीची गोष्ट निराळी. छापखान्यांत खिळे जुळविणाऱ्यापुढें काना-मात्रा, अर्धीं अक्षरें व जोडाक्षरें मिळून शेंकडों खिळ्यांची मांडणी असे. टाईपरायटरावर कळा फार तर सेहेचाळीस, आणि एका कळेवर चिन्हें दोन. म्हणजे शेंकडों खिळ्यांचें काम नव्वदएक चिन्हांत भागवावयाचें! खिळ्यांची आणि कळांची ही अडचण इतकी खरी होती कीं, लिपीच सुधारावी असा विचार थोर माणसांनीं केला. याच रत्नागिरींत १८५६ सालीं जन्मलेल्या लोकमान्य टिळकांनीं खिळ्यांची संख्या कमी करण्याच्या कामीं पुष्कळ डोकें चालविलें. पुढें सावरकर १९२४ ते १९३७ या काळांत रत्नागिरी जिल्ह्यांत स्थानबद्ध असतां त्यांनीं लिपिशुद्धीची चळवळ चालविली. 'अ'लाच वेलांटी, उकार व मात्रा लावून अि, अी, अु, अू, अे असें लिहिलें म्हणजे इ, ई, उ, ऊ, ए यांचे स्वतंत्र खिळे वांचतात, हें तिचें एक प्रमुख सूत्र. 'किर्लोस्कर' मासिकाचे त्या काळचे अंक कोणाच्या घरीं माळ्यावर असतील तर अवश्य उघडून पाहावे. ही बाराखडी तेथें छापलेली आढळेल.

लोकांनीं लिपी बदलली नाहीं, म्हणून यंत्रानें दुसरी युक्ति काढिली. त्यानें अक्षरांचे आकारच फोडले. मी कॉलेजांत असतां एका टंकलेखनवर्गांत मराठी टाईपरायटर शिकलों. त्यावर थ, ध, ण यांसारखीं अक्षरें पुरीं नसतच. अर्धें अक्षर उठवावयाचें आणि काना जोडून तें पुरें करावयाचें. कांहीं मात्रा व उकार यांच्या कळा दाबल्या असतां गाडा जागचा हलत नसे. सर्वांत कठीण ती ऱ्हस्व वेलांटी. कागदावर ती अक्षराच्या डावीकडे दिसते, म्हणून ती अक्षराच्या आधीं उठवावी लागे. 'धर्म' लिहितांना ध, मग म, आणि मग त्याच्या डोक्यावर रफार. उच्चारांत र आधीं येतो याचें यंत्राला कांहींच नाहीं. ही रचना डोळ्यासाठीं होती, कानासाठीं नव्हे. मिनिटास तीस शब्दांच्या सरकारी परीक्षेंत मी पहिल्या खेपेस नापास झालों तो वेगापायीं नव्हे. उताऱ्यांत ऱ्हस्व वेलांट्या भरपूर होत्या, आणि मी मनांत शब्द उच्चारीत बोटें चालवीत होतों. वडिलांनीं परीक्षेची फी दुसऱ्यांदा मोजून दिली. ती कशी दिली हें मला ठाऊक आहे.

त्या यंत्राचा स्पर्शही विसरण्यासारखा नव्हता. कळ दाबली कीं लोखंडी दांडी उचलली जाऊन शाईच्या फितीवर आपटे. बोटाचा जोर तोच अक्षराचा रंग. तर्जनीचीं अक्षरें काळीभोर, करंगळीचीं फिकट. कागद पाहूनच आमचे गुरुजी कोणाचें कोणतें बोट आळशी आहे तें सांगत. गोदरेज कंपनीचे टाईपरायटर आपल्या देशांत १९५५ पासून तयार होऊं लागले, व २००९ च्या सुमारास तें उत्पादन थांबलें. टाईपरायटरावरील सरकारी परीक्षाही २०१७ च्या सुमारास बंद होऊन तिची जागा संगणकावरील परीक्षेनें घेतली.

संगणकाला अक्षर कागदावर आपटावयाचें नसतें. कोणती कळ दाबली एवढें त्याला समजलें म्हणजे आकार तो मागाहून जुळवितो. ही मोकळीक लक्षांत घेऊन भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागानें १९८६ सालीं 'इनस्क्रिप्ट' नांवाची रचना प्रमाण म्हणून ठरविली. १९८८ सालीं स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅक संस्थेच्या कामामुळें ती पुष्कळ कचेऱ्यांत पोहोंचली. माझ्या टेबलावरील कळफलकावर जीं अक्षरें तुम्हांस विस्कटलेलीं दिसतात तीं याच रचनेचीं, आणि तीं विस्कटलेलीं मुळींच नाहींत. स्वरचिन्हें डाव्या हातास आणि व्यंजनें बहुतेक उजव्या हातास दिलीं आहेत. (न, म आणि व हीं मात्र डावीकडे गेलीं, त्याचा मला अजून राग आहे.) 'क'च्या कळेवर शिफ्ट धरिली कीं ख, 'ग'च्या कळेवर घ; तसेंच च-छ, ट-ठ, त-थ, प-फ. ज्याला वर्णमाला पाठ आहे त्यानें अर्धी रचना न शिकतांच शिकली म्हणावयाची.

आपल्या गांवाचेंच नांव घ्या. टाईपरायटरावर 'रत्नागिरी'ला आठ ठोके लागत : र, अर्धा त, न, काना, ऱ्हस्व वेलांटी, ग, र, दीर्घ वेलांटी. इनस्क्रिप्टमध्यें नऊ लागतात, कारण त आणि पाय मोडण्याचें चिन्ह हे दोन ठोके झाले. पण ते नऊ उच्चाराच्या क्रमानें पडतात. ग आधीं, वेलांटी मागून. एक ठोका अधिक गेला तरी मन आणि बोट एका वाटेनें चालतात, हा सौदा मला परवडतो. जुनी संवय सोडण्यास मला एक संबंध पावसाळा लागला, आणि थकलेल्या संध्याकाळीं वेलांटी अजूनही आधीं पडते.

तुमच्यापैकीं बहुतेकजण फोनवर रोमन अक्षरें दाबून मराठी उमटवितां. तेंही काम होतें. मी त्यास नांवें ठेवीत नाहीं. मात्र 'शिर' आणि 'शीर', 'दिन' आणि 'दीन' हे शब्द तुम्ही बहुधा एकाच रोमन स्पेलिंगानें लिहितां, आणि पुढें आलेल्या शब्दांतून पहिला उचलतां. निवड फोन करितो. गेल्या सहामाहींत एका हुशार विद्यार्थ्यानें टंकून दिलेल्या निबंधांत 'दीनदुबळे' हा शब्द तीन वेळां ऱ्हस्व आला होता. हातानें लिहिलेल्या उत्तरपत्रिकेंत त्याचाच तो शब्द दोनदां ऱ्हस्व, एकदां दीर्घ. इनस्क्रिप्टमध्यें ऱ्हस्व वेलांटी डाव्या तर्जनीच्या विसाव्याच्या कळेवर आहे, व दीर्घ वेलांटी तिच्याच वरच्या ओळींत. उकारांचें तसेंच, ऱ्हस्व खालीं, दीर्घ वर. दीर्घासाठीं बोट दर वेळीं वर चढतें. हा नियम मीं कोणत्याही व्याकरणांत वाचला नाहीं, पण माझ्या शुद्धलेखनास त्यानें हात दिला आहे. उलट, १९६२ च्या नियमांनीं अनुच्चारित अनुस्वार गेले असतां आपल्या या विभागांत ते हौसेनें राखले जातात, त्यामुळें हा लेख टंकतांना माझी डावी अनामिका दमून गेली.

आतां आवाजाविषयीं. हल्लींच्या स्वस्त कळफलकांत कळेखालीं रबराची घुमटी असते; ती तळापर्यंत चेपावी लागते आणि अक्षर नक्की केव्हां लागलें तें बोटास कळत नाहीं. आय.बी.एम. कंपनीनें १९८१ सालीं आपल्या संगणकाबरोबर दिलेल्या त्र्यायशीं कळांच्या फलकांत प्रत्येक कळेखालीं स्प्रिंग असे. ती ठराविक जागीं एकदम वांकते, तेंच तिचें वाजणें व तेंच अक्षराचें लागणें. त्या घराण्यांतील १९८५ च्या सुमाराच्या एकशेंएक कळांच्या फलकाची मांडणी पुढें जगभर रूढ झाली. माझा कळफलक टीव्हीएस गोल्ड जातीचा. याच्या कळांखालीं चेरी नामक जर्मन कंपनीचे निळे स्विच आहेत. कळ चार मिलिमीटर खालीं जाते, पण सुमारें अर्ध्या वाटेवरच, सव्वादोन मिलिमीटरांच्या आसपास, अक्षर लागतें व टक्क असा आवाज होतो. तेथूनच बोट मागें घेतां येतें. यानें वेग वाढतो असें मी म्हणणार नाहीं. परंतु न पाहतां शिकणाऱ्याला प्रत्येक ठोक्याची पावती हातींहात मिळते, आणि पडद्याकडे मान वर करण्याची संवय लौकर सुटते. तीस मुलें एकदम असे कळफलक वाजवूं लागलीं तर शेजारच्या वर्गांत गणित शिकविणें अशक्य होईल, हेंही खरें; म्हणून नव्या कळफलकांची यादी करितांना मीं असे दोनच मागितले आहेत.

ज्यास शिकावयाचें असेल त्यानें पहिल्या आठवड्यांत दोन वेलांट्या व दोन उकार एवढेच, रोज पंधरा मिनिटें, कळांवर रुमाल टाकून करावे. मधल्या सुटींत माझें टेबल मोकळें असतें. शेजारच्या वर्गाची चाचणी असेल त्या दिवशीं मात्र येऊं नये.