तिपाईच्या पायाला आर हवी का?

आपल्या महाविद्यालयात छायाचित्रणाचा छंद असलेले विद्यार्थी बरेच आहेत. कॅमेरा, भिंग आणि उजेड यांवर त्यांच्यात तासन् तास चर्चा चालते. परंतु ज्या तिपाईवर कॅमेरा उभा करायचा, तिच्या पायांखालच्या जमिनीचा विचार क्वचितच होतो. प्रस्तुत लेख या उपेक्षित पायांविषयी आहे. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी आहे, तंत्रज्ञ नव्हे. पण लोंढ्यात राहत असल्यामुळे पायांखालची जमीन घडीघडीला कशी बदलते हे मी रोज पाहतो, आणि त्याच अनुभवावर या लेखाची भिस्त आहे.

बाजारातल्या बहुतेक तिपायांना रबराचे पाय असतात. काहींचे रबर फिरवून वर चढवले की आतून पोलादी टोक बाहेर येते. काहींचे रबर पूर्ण काढून त्या जागी टोकदार पाय आट्यांनी बसवता येतो. दुकानदार याला ‘स्पाइक’ म्हणतात. आपल्याकडे भोवऱ्याच्या तळाला आणि बैल हाकायच्या पराणीच्या टोकाला जो अणकुचीदार खिळा असतो, त्याला आर म्हणतात. तोच शब्द मी येथे वापरतो.

स्थिरपणा कशासाठी?

चित्रपटाची निर्मिती करण्यापूर्वी दादासाहेब फाळके यांनी कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ रोज थोडी थोडी टिपून ‘अंकुराची वाढ’ हा लघुपट तयार केला आणि तो दाखवून भांडवल उभे केले. कॅमेरा जागचा हलला असता तर रोप वाढताना दिसण्याऐवजी उड्या मारताना दिसले असते. वाणिज्याच्या विद्यार्थ्याला यातून एक धडा मिळतो: कॅमेऱ्याच्या स्थिरपणालाही बाजारभाव असतो.

निसर्गचित्रणात पहाटेच्या वा तिन्हीसांजेच्या अंधुक उजेडात, किंवा ओढ्याचे पाणी दुधासारखे दिसावे म्हणून, कॅमेऱ्याचा पडदा काही सेकंद उघडा ठेवावा लागतो. तेवढ्या वेळात तिपाईचा एक पाय किती खचला तर चित्र बिघडेल? साधे त्रैराशिक मांडू. आजच्या अनेक कॅमेऱ्यांत एका चित्रबिंदूची रुंदी सुमारे ०.००४ मिलिमीटर असते. भिंग २०० मिलिमीटरचे असेल तर हे प्रमाण पन्नास हजारास एक इतके होते. तिपाईचा एक पाय इतर दोन पायांना जोडणाऱ्या रेषेपासून एक मीटर अंतरावर आहे असे धरू. मग तो पाय ०.०२ मिलिमीटर खचला तरी चित्र एका बिंदूने सरकते. वहीच्या कागदाची जाडी साधारण ०.१ मिलिमीटर असते. म्हणजे त्या जाडीच्या पाचव्या हिश्शाएवढे खचणे पुरेसे आहे. २४ मिलिमीटरच्या रुंद भिंगाला मात्र सुमारे ०.१७ मिलिमीटरपर्यंत सूट मिळते. म्हणूनच दूरचा डोंगर जवळ आणणाऱ्या भिंगाबरोबर पायांची काळजी अधिक घ्यावी लागते.

आर काय करते?

कॅमेरा आणि तिपाई मिळून वजन चार किलो धरले, तर प्रत्येक पायावर सुमारे १.३ किलो भार येतो. रबरी पायाचा व्यास २५ मिलिमीटर आणि आरेच्या टोकाचा २ मिलिमीटर असेल, तर आरेखालचा दाब रबराखालच्या दाबाच्या दीडशे पटींहून अधिक होतो. वजन तेच, फक्त ते टेकण्याची जागा लहान झाली. नांगराचा फाळ आणि पहार याच तत्त्वावर काम करतात. वरचा भुसभुशीत थर भेदून आर खालच्या घट्ट थरात रुतते आणि मग पाय बाजूला सरकत नाही.

मोजणीदारांना हे फार पूर्वीपासून ठाऊक आहे. विल्यम लॅम्टन यांनी १८०२ साली मद्रासजवळ भारताच्या महात्रिकोणमितीय सर्वेक्षणाला आरंभ केला. १८२३ साली विदर्भात हिंगणघाट येथे त्यांचे निधन झाले. त्यांचे मोठे कोनमापक यंत्र सुमारे अर्धा टन वजनाचे होते. ते नेऊन मांडण्यासाठी भक्कम बैठक लागे. शेतात उभ्या करायच्या साध्या मोजणीयंत्राच्या तिपाईला मात्र लोखंडी टोके असतात, आणि वर बुटाने दाबता यावे म्हणून एक छोटा कानही असतो. आपल्या कॅमेऱ्याच्या तिपाईला असा कान नसतो, त्यामुळे ती पायाने दाबू नये.

आमच्याकडची जमीन

लोंढे खानापूर तालुक्यात, सह्याद्रीच्या माथ्यावर आहे. बेळगावकडून, हुबळीकडून आणि गोव्याकडून येणारे लोहमार्ग येथे मिळतात. असंख्य प्रवासी येथे गाडी बदलतात, परंतु स्थानकाबाहेरची भूमी फार थोडे जण पाहतात. तिचे चार प्रकार छायाचित्रकाराने ओळखावेत.

१) रानातला पाचोळा. पावसाळ्यानंतर झाडांखाली ओल्या पानांची गादी असते. रबरी पाय त्या गादीवर तरंगतो आणि हळूहळू बसत जातो. येथे आर अवश्य लावावी. ती पाने भेदून मातीपर्यंत पोहोचते.

२) लाल माती व उतार. आर उत्तम. दोन पाय उताराच्या खालच्या बाजूला आणि एक वरच्या बाजूला ठेवावा.

३) नदीकाठचा चिखल. पांढरी नदीच्या काठी किंवा मलप्रभेच्या गाळात नुसती आर खाली खाली जात राहते, कारण खाली घट्ट थर लवकर लागत नाही. येथे उलट रुंद पाय हवा. प्रत्येक पायाखाली फळीचा तुकडा ठेवला तरी काम भागते.

४) जांभा. कन्नडमध्ये याला जंबिट्टिगे म्हणतात, आणि इट्टिगे म्हणजे वीट. फ्रान्सिस बुकानन यांनी १८०७ साली याच दगडाला ‘लॅटराइट’ हे नाव दिले. तेही विटेला असलेल्या लॅटिन शब्दावरून! जमिनीत असताना हा दगड मऊ असतो, कापून उघड्यावर ठेवला की कठीण होतो. उघड्या जांभ्यावर आर शिरत नाही. खाचखळगा सापडला तर ती तेथे अडकते, नाहीतर घसरते. गुळगुळीत ओल्या कातळावर, फरशीवर आणि सिमेंटवर रबरच बरे. आर तेथे घसरते आणि ओरखडाही पाडते.

रेल्वेमार्गाजवळच्या गावात आणखी एक बाब ध्यानात ठेवावी. आरेमुळे तिपाई जमिनीशी घट्ट जोडली जाते, त्यामुळे मालगाडी जाताना जमिनीचा कंपही थेट वर येतो. गाडी पूर्ण जाऊ द्यावी, मगच चित्र घ्यावे. चित्रासाठी रुळांवरून चालणे मात्र सर्वथा टाळावे. रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना शिरणे १९८९ च्या रेल्वे कायद्यानुसार गुन्हा आहे, आणि दूधसागरच्या मोहाने तो गुन्हा अनेकांकडून घडतो.

कृती

तिन्ही आरा सारख्या बाहेर काढून त्यांच्या आट्या घट्ट कराव्यात. प्रत्येक पाय हाताने धरून त्याच्याच दिशेने, म्हणजे तिरकस, खाली दाबावा. माथ्यावर जोर देऊन तिन्ही पाय एकदम दाबू नयेत. त्याने सांध्यांवर ताण येतो. मधल्या आकड्याला पिशवी अडकवायची असेल तर ती जमिनीला थोडी टेकेल इतकी खाली सोडावी, कारण लोंबकळणारी पिशवी वाऱ्याने झुलते. त्यानंतर कॅमेऱ्याच्या पडद्यावर चित्राचा एक कोपरा मोठा करून पाहावा. तो सरकत असेल तर पाय अजून बसलेले नाहीत. शेवटी बटण हाताने न दाबता दोन सेकंदांच्या स्वयंचलित घड्याळावर सोपवावे. घरी आल्यावर आरा धुऊन, पुसून कोरड्या कराव्यात. आट्यांत अडकलेली लाल माती पुढच्या खेपेला त्रास देते.

जमीन कोणाची?

आर कोठे लावावी याबरोबरच ती कोठे लावू नये हेही शिकले पाहिजे. जांभ्याच्या सड्यांवर मातीचा थर अगदी पातळ असतो, आणि पावसाळ्यात त्यावर दवबिंदू, सीतेची आसवं यांसारखी चिमुकली झाडे उगवतात. ज्या फुलांसाठी आपण जातो तीच आपल्या तिपाईच्या पायांखाली येतात. सातारा जिल्ह्यातील कासचे पठार २०१२ साली पश्चिम घाटाच्या ३९ स्थळांत जागतिक वारसा म्हणून नोंदले गेले. आपल्या तालुक्यातल्या अनामिक सड्यांकडे तेवढे लक्ष कोण देणार? आरेचे भोक लहान असते, परंतु एकाने निवडलेली जागा दुसरा निवडतो, तिसरा निवडतो, आणि तेथे पायवाट पडते. अशा ठिकाणी रबरी पाय उघड्या कातळावर टेकवावेत, आणि कातळ नसेल तर ते चित्र सोडून द्यावे. चांगले चित्र हा नफा खरा, पण मुद्दल जमीन आहे. मुद्दल खाऊन दाखवलेला नफा कोणताही हिशेबनीस मान्य करणार नाही.

आरांचा संच तिपाईच्या मानाने स्वस्त मिळतो, त्यामुळे तो घ्यावाच की नाही असा खल करण्याचे कारण नाही. घ्यावा, पिशवीत ठेवावा, आणि प्रत्येक ठिकाणी आधी वाकून जमिनीला हात लावावा. मऊ असेल व तिला इजा होणार नसेल तर आर. कठीण असेल तर रबर. चिखल असेल तर फळी. विद्यार्थी मित्रांनी येत्या सुट्टीत आपापल्या गावच्या जमिनीवर हे करून पाहावे आणि अनुभव याच अंकातून, मराठीत वा कन्नडमध्ये, अवश्य कळवावेत.