जुनी दुर्बीण घेताना

नवी, चांगल्या कंपनीची दुर्बीण घ्यायची म्हटलं की आपलं बजेट तिथेच संपतं. म्हणून आपल्यातले पक्षीनिरीक्षणवाले आणि ट्रेकवाले जुन्या मालाकडे वळतात : मुंबईचा चोर बाजार, पुण्याचा जुना बाजार, नाहीतर कुणाच्या तरी आजोबांचं कपाट. यात वाईट काही नाही. नीट वापरलेली दुर्बीण पन्नास वर्षांनीही मस्त चालते. पण बिघडलेली असेल तर पैसे तर जातातच, वर डोकं दुखतं ते वेगळं. मजा म्हणजे ती तपासायला जे लागतं ते सगळं आपण फर्स्ट इयरला फिजिक्समध्ये शिकलोय (आणि व्हायव्हा संपल्यावर विसरलोय).

आधी हा माल येतो कुठून ते बघू. काही दुर्बिणी शिकारीच्या काळातल्या. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, शिकार बंद झाली आणि सामान माळ्यावर गेलं. काही दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश लष्कराच्या, ६×३० च्या. यांवर बाणाच्या टोकासारखी खूण असते. आणि बऱ्याचशा सोव्हिएत किंवा पूर्व जर्मन, म्हणजे १९९०-९१ च्या आधीच्या. शेवटच्या गटात विद्यार्थ्याच्या खिशाला परवडेल असा चांगला माल मिळतो असं माझं मत आहे.

आता आकडे. ८×३० म्हणजे आठ पट मोठं दिसणार आणि पुढच्या भिंगाचा व्यास ३० मिमी. ३० भागिले ८, म्हणजे पावणेचार मिमी. आयपीसमधून बाहेर येणारा प्रकाशाचा झोत एवढ्या जाडीचा असतो. आपली बाहुली भर उन्हात दोन-तीन मिमी उघडते, अंधारात तरुण माणसाची सात मिमीपर्यंत. म्हणूनच जर्मनीतले शिकारी, जे संध्याकाळी मचाणावर रानडुकराची वाट बघत बसतात, ते ८×५६ वापरतात : ५६ भागिले ८, बरोबर सात. तीच दुर्बीण आपण सकाळी दहा वाजता भिगवणला गळ्यात घालून फिरलो तर निम्म्याहून जास्त प्रकाश बाहुलीच्या बाहेर पडून वाया जाणार आणि मान मोडणार ती वेगळीच. मोठी म्हणजे चांगली हे डोक्यातून काढा.

याच भागाकाराने फसवणूकही पकडता येते. रस्त्यावर ‘३०×६०’ असं छापलेली चिमुकली दुर्बीण दिसली तर खिशातली पट्टी काढा. पुढचं भिंग समजा २१ मिमी भरलं. दुर्बीण आकाशाकडे धरा (सूर्याकडे कधीच नाही!), हात लांब करून आयपीसमधला उजळ गोल मोजा. तो अडीच मिमी भरला तर मॅग्निफिकेशन झालं साधारण साडेआठ. तीसही नाही आणि साठही नाही. लाल चमकणाऱ्या भिंगांच्या स्वस्त दुर्बिणींपासूनही लांब राहा. त्यातून लाल प्रकाश परत फेकला जातो आणि सगळं जग निळसर-हिरवट दिसतं. पक्ष्याचा रंगच ओळखायचा असेल तर काय उपयोग?

कोटिंगचा फंडा थोडा सविस्तर सांगते, कारण किंमत इथे ठरते. साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावर सुमारे ४ टक्के प्रकाश परत जातो. दुर्बिणीच्या एका नळीत भिंगं आणि प्रिझम मिळून असे दहा पृष्ठभाग धरले तर ०.९६ चा दहावा घात, म्हणजे ०.६६. एक तृतीयांश प्रकाश आतच संपला! १९३५ मध्ये झाइस कंपनीत स्माकुला यांनी काचेवर पातळ थर देऊन हे परावर्तन कमी करायची युक्ती काढली. आपलं थिन फिल्म इंटरफिअरन्स ते हेच. नुकसान दीड टक्क्यावर आलं की ०.८६ प्रकाश पोचतो. बघायचं कसं? भिंगात ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पाहा. पांढरं स्वच्छ दिसलं तर कोटिंग नाही. निळं-जांभळं दिसलं तर आहे. युद्धाच्या सुरुवातीच्या लष्करी दुर्बिणी बहुतेक बिनकोटिंगच्या. शोभेला छान, संध्याकाळी अंधुक.

आता बुरशी. आपल्या पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, हा मोठा शत्रू. पुढून मोबाइलचा टॉर्च मारा आणि आयपीसच्या बाजूने तिरकं बघा. थोडी धूळ चालेल. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर घेऊ नका, कारण बुरशी कोटिंग खाते आणि साफ केल्यावरही डाग राहतो. जुनी चामड्याची पेटी कितीही देखणी असली तरी तिच्यात दुर्बीण ठेवू नका, चामडं ओल धरतं. हवाबंद डबा आणि सिलिका जेल बेस्ट.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दोन्ही नळ्या समांतर आहेत का. कधीतरी पडलेली असेल तर आतलं प्रिझम हललेलं असतं. दुकानात दोन मिनिटं बघून हे कळत नाही, कारण आपला मेंदू दोन चित्रं ओढून-ताणून जुळवतो. अर्ध्या तासाने कपाळ ठणकायला लागतं, तोवर दुकानदार निघून गेलेला असतो. त्यासाठी ही टेस्ट करा : लांबच्या गच्चीच्या कठड्याकडे बघा, एका नळीपुढे दहा सेकंद हात धरा, मग पटकन काढा. क्षणभर दोन कठडे दिसून ते एकमेकांवर सरकले तर गडबड आहे. वर-खाली सरकत असतील तर सरळ परत करा. डोळे आतल्या बाजूला सहज वळतात, पण एक वर आणि एक खाली असे वळत नाहीत.

कायद्याचं थोडक्यात. माल चोरीचा आहे असं मानायला कारण असताना घेतला तर तो गुन्हा आहे. २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ३१७. म्हणून विकणाऱ्याचं नाव, नंबर आणि साधी पावती घ्या. दुर्बिणीसोबत सांबरशिंगाच्या मुठीचा सुरा ‘फ्री’ मिळत असेल तर हात जोडून नको म्हणा, वन्यजीव कायद्याच्या भानगडीत पडाल.

आणि स्वतः विकायची असेल तर ती उघडून साफ करायच्या फंदात पडू नका. मेकॅनिकलवाल्यांना हात शिवशिवतात हे माहीत आहे, पण एक स्क्रू हलला की नळ्यांची समांतरता गेली. बुरशीचा डाग असेल तर त्याचा फोटोही दाखवा आणि घेणाऱ्याला गच्चीवर नेऊन वरची कठड्याची टेस्ट स्वतःच करून दाखवा. भाव त्यानंतर बोला.