मादागास्करला जाताय? आधी रात्री मोजा

मादागास्करच्या सहलीचं पत्रक हाती आलं की त्यातल्या प्राण्यांच्या नावांकडे नंतर वळा, आधी मुक्कामाच्या रात्री मोजा. ज्या जंगलापुढे एकच रात्र लिहिलीय, ते जंगल तुम्हाला दिसणार नाही. तुम्ही त्याच्या दारावरून जाल, एवढंच.

आमचं पत्रक भरगच्च होतं. आंदासिबे, रानोमाफाना, आंजा, इसालो, मग पश्चिमेला मोरोंदाव्हा आणि किरिंदी. नकाशात आफ्रिकेशेजारी हे बेट चिमुकलं दिसतं, पण ते महाराष्ट्राच्या जवळजवळ दुप्पट आहे. राजधानी अंतानानारिव्होपासून आंदासिबे जेमतेम दीडशे किलोमीटर, पण हाच रस्ता पुढे तोआमासिना बंदराला जातो. मालट्रकांची रांग, खड्डे आणि घाट यांत अर्धा दिवस सहज जातो. दक्षिणेला तुलिआरपर्यंत जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक सात हा नऊशेहून अधिक किलोमीटरचा. अंधार पडल्यावर लुटारूंच्या भीतीने जाणते चालक गाडी काढत नाहीत. म्हणजे उजेडाचे तास गाडीत आणि अंधाराचे हॉटेलात. प्राणी बघायचे कधी, हे आयोजकाला विचारायला हवं होतं, असं गाडीतल्या प्रत्येकाने कधी ना कधी म्हणून घेतलं.

याचा फटका सर्वांत जास्त बसला तो आंदासिबेत. इथे इंद्री राहतो. हयात लेमरांमधला सर्वांत मोठा, काळा-पांढरा, शेपूट जवळपास नाहीच. सकाळी त्यांची कुटुंबं झाडांच्या शेंड्यांवरून एकमेकांना साद घालतात. तो लांबवत नेलेला, मध्येच चढणारा आवाज दोन किलोमीटरवरही पोचतो. इंद्री पिंजऱ्यात जगत नाही. जगातल्या कुठल्याही प्राणिसंग्रहालयाला तो टिकवता आलेला नाही. इथे हुकला तर दुसरीकडे दिसण्याचा प्रश्नच नाही. आम्ही संध्याकाळी पोचलो, सकाळी रिमझिम होती, धुकं होतं. वाटाड्याने दाखवलेली पाठ पानांत दिसली न दिसली, तोच पुढच्या मुक्कामासाठी निघायची वेळ झाली. सामान गाडीवर चढत असताना डोंगरामागून इंद्रींचं गाणं सुरू झालं. त्याच हॉटेलात काही रात्री राहिलेलं एक कुटुंब निवांत चहा पीत होतं. त्यांनी आदल्या दिवशी इंद्री डोक्यावरच्या फांदीवर पानं खाताना पाहिले होते.

तेव्हापासून मी एक हिशेब सांगते. जो प्राणी जगभरच्या प्राणिसंग्रहालयांत आहे, त्याच्यावर कमी रात्री खर्च करा. गोल पट्ट्यांच्या शेपटीचा लेमर सगळ्यांच्या ओळखीचा, आणि आंजा इथे तो अर्ध्या दिवसात अगदी जवळून दिसतो. ते राखीव क्षेत्र गावकरी स्वतः चालवतात, तिकिटाचा पैसा गावातच राहतो. तिथे जरूर जा, पण लगेच पुढे निघा. वाचलेली रात्र आंदासिबेला द्या. शक्य असेल तर रानोमाफानालाही एक वाढवा. तिथला सोनेरी बांबू लेमर विज्ञानाला 1980च्या दशकात कळला आणि त्याच्यामुळेच 1991 मध्ये तिथे राष्ट्रीय उद्यान झालं. तो ज्या बांबूचे कोंब खातो त्यात सायनाइड असतं. एवढं विष पोटात घालून तो सुखाने कसा बसतो, हे कोडं अजून पुरतं उलगडलेलं नाही.

दुसरी गोष्ट महिन्याची. आपण मे महिन्याच्या सुट्टीत निघतो, आणि तिथे तेव्हा हिवाळा तोंडावर असतो. आंदासिबेच्या रात्री चांगल्याच गार होत्या. बरोबर आणलेले सुती कपडे तसेच राहिले आणि एकच स्वेटर सगळीकडे मिरवला. पण खरी अडचण थंडीची नाही. पत्रकात किरिंदीच्या नावापुढे जाड शेपटीचा बुटका लेमर छापला होता. हा प्राणी शेपटीत चरबी साठवतो आणि कोरड्या ऋतूत झाडाच्या ढोलीत सात महिन्यांपर्यंत झोपून काढतो. आम्ही गेलो तेव्हा तो झोपलेला होता. सरडगुहिरेही थंडीत फारसे हालत नाहीत. फोसा हा बेटावरचा सर्वांत मोठा सस्तन शिकारी; त्याच्या मीलनाचा काळ ऑक्टोबर ते डिसेंबर, तेव्हा तो किरिंदीत दिसण्याची आशा धरावी. त्याच सुमारास लेमरांची पिल्लंही आयांच्या अंगाला चिकटलेली असतात. म्हणून दिवाळीची सुट्टी उत्तम. नाताळची नको, कारण पावसाला सुरुवात झालेली असते. जानेवारी ते मार्च तर वादळांचे महिने, तेव्हा किरिंदीकडचा मातीचा रस्ता चिखलात जातो.

किरिंदी नावाची ठिकाणं दोन आहेत, हेही पत्रकात तपासा. मोरोंदाव्हाच्या उत्तरेचं जंगल वेगळं आणि दक्षिणेचं किरिंदी मितेआ राष्ट्रीय उद्यान वेगळं. उत्तरेच्या जंगलात वाटाड्याबरोबर रात्री फिरता येतं. राष्ट्रीय उद्यानांत मात्र अंधार पडल्यावर प्रवेश नाही, त्यामुळे ‘रात्रीची जंगलफेरी’ असं छापलेलं असलं तरी ती हद्दीबाहेरच्या रस्त्याच्या कडेने विजेरी घेऊन होते. त्यात वाईट काही नाही. आमचा मूषक लेमर आम्हाला अशाच कडेला सापडला. वाटाड्या सगळीकडे सक्तीचा असतो आणि त्याचे पैसे प्रवेशशुल्कापेक्षा निराळे. पॅकेजमध्ये दोन्ही धरलेत का, लेखी विचारा.

खांद्यावर लेमर बसलेला फोटो पत्रकात असेल तर तो बहुधा एखाद्या हॉटेलाच्या छोट्या बेटावरचा असतो. तिथले लेमर पूर्वी माणसांनी पाळलेले, केळ्याला सरावलेले. मुलं हरखतात, मी नाक मुरडत नाही. पण त्याला वन्यजीव दर्शन म्हणू नका, आणि जंगलातला वाटाड्या केळं पुढे करू लागला तर त्याला थांबवा. आय-आय या निशाचर लेमराची हमी मिळाली तरी असंच समजा. पांगालान कालव्याकाठी नारळ बांधून ठेवतात आणि तिथे आणून सोडलेले आय-आय रात्री ते खायला येतात. लांब मधल्या बोटाने तो खोबरं कोरतो ते पाहण्यासारखं आहे खरं. जंगलात तो दिसणं नशिबाचं. अपशकुनी मानून त्याला मारतातही.

तिथल्या ओल्या जंगलांतल्या जळवांचं कौतुक आंबोलीच्या पावसात फिरलेल्याला सांगायला नको. खाण्याच्या बाबतीत शाकाहारींनी भिऊ नये, भात तिथे तिन्ही त्रिकाळ असतो.

उरला पीतज्वर. मादागास्करसाठी इथून बहुतेक विमानं नैरोबी किंवा आदिस अबाबामार्गे जातात, आणि केनिया व इथिओपिया दोन्ही पीतज्वराच्या यादीत आहेत. तिथून सहा दिवसांच्या आत भारतात उतरलात आणि लशीचा दाखला नसेल तर विलगीकरणात ठेवू शकतात. विमानतळाबाहेर पाऊल न टाकता विमान बदललं तर सूट मिळू शकते, पण ती देणं आपल्या विमानतळावरच्या आरोग्य अधिकाऱ्याच्या हाती. लस फक्त सरकारमान्य केंद्रांत मिळते, तारीख आधी घ्यावी लागते, आणि दाखला लशीनंतर दहा दिवसांनी लागू होतो. मग मात्र जन्मभर चालतो. आमच्यातल्या एका जोडप्याने लस शेवटच्या आठवड्यावर ढकलली. त्यांचे दहा दिवस भरले नाहीत आणि ऐनवेळी मॉरिशसमार्गे नवी तिकिटं काढावी लागली. त्या पैशांत आंदासिबेच्या आणखी काही रात्री झाल्या असत्या.