रताळ्याला घाई चालत नाही

आषाढी एकादशीच्या आदल्या दिवशी मंडईत रताळ्यांचे ढीग लागतात आणि जो तो मोठी मोठी उचलून पिशवीत टाकतो. तू तसं करू नकोस, बाळ. मध्यम जाडीची, दोन्ही टोकांना निमुळती, हाताला घट्ट लागणारी निवड. फार जाड रताळ्यात दोरे निघतात. सालीवर टाचणीएवढी भोकं दिसली तर आत कीड आहे, ते तसंच खाली ठेव.

आणि आदल्या दिवशी कशाला? चार दिवस आधीच आण. भावही बरा मिळतो, आणि नुकतंच खणलेलं रताळं पिठूळ लागतं. काही दिवस मुरलं की गोडीला चढतं. धुऊ नकोस, माती झटक आणि टोपलीत हवेशीर जागी ठेव. फ्रीजमध्ये तर अजिबात नको. गारठ्यात राहिलेलं कच्चं रताळं मध्ये टणक पडतं, मग कितीही शिजव, तो गाभा मऊ होत नाही.

आता मुख्य गोष्ट. रताळ्यात स्टार्च असतो आणि त्याची साखर करणारं एन्झाइमही त्याच्याच पोटात असतं. ते साधारण 60 ते 75 अंशांच्या उबेत काम करतं, त्याहून जास्त तापलं की थांबतं. कुकरमध्ये रताळं ही पायरी धावतच ओलांडतं. म्हणून चुलीच्या गरम राखेत पुरलेल्या रताळ्याची गोडी शिट्ट्या काढलेल्याला येत नाही. तुमच्या फ्लॅटमध्ये चूल नाही, पण ओव्हन आहे ना? सालीसकट, अख्खं, न तापवलेल्या ओव्हनमध्ये ठेव आणि मग 180 अंशांवर तासभर विसरून जा. सालीतून चिकट पाक पाझरायला लागला की झालं. कुकरच लावायचा असेल तर रताळी पाण्यात बुडवू नकोस. डब्यात कोरडी ठेव, पाणी डब्याबाहेर. पाण्यात उकडलेलं रताळं पाणचट होतं.

गोड काचऱ्यांचं लक्षात ठेव. साल काढून अर्ध्या बोटाच्या जाडीच्या चकत्या कर आणि चिरल्या चिरल्या पाण्यात टाक, नाहीतर काळ्या पडतात. जाड बुडाच्या कढईत सढळ तूप घाल, चकत्या निथळून एकावर एक न येतील अशा पसर, आणि झाकण ठेवून आच मंद कर. झाकणावर थोडं पाणी ठेवलंस तर खाली लागत नाहीत. एकदाच उलट. सुरी टोचून बघ, आरपार लोण्यासारखी गेली पाहिजे. तोवर गुळाला हात लावायचा नाही. सगळ्या जणी इथेच चुकतात: गूळ किंवा साखर आधी पडली की रताळं ताठरतं, मग शिजता शिजत नाही. मऊ झाल्यावर गूळ घाल, तो विरघळून चकत्यांना तकाकी आली की वेलदोड्याची पूड आणि चिमूटभर मीठ. मीठ विसरू नकोस, त्याशिवाय गोड उठत नाही.

तिखट कीस सोपा आहे. किसून पाण्यात टाकायचा, घट्ट पिळायचा, तूप-जिरं-मिरचीच्या फोडणीवर परतायचा, दाण्याचं कूट शेवटी. झाकण फार वेळ ठेवलंस तर गोळा होतो. उपासाला जिरं चालतं की नाही याचा प्रत्येक घराचा कायदा वेगळा. आपल्याकडे चालतं, तुझ्या सासरी विचारून घे.

राजगिऱ्याच्या पिठाचं थालीपीठ तुटतं म्हणून तू कुरकुरत होतीस ना? त्यात एक उकडलेलं रताळं कुस्करून घाल. वरून पाणी लागत नाही आणि कडाही फाटत नाहीत. एरवी हेच रताळं गूळ घालून कणकेत मळलंस की घारगे. खीर मात्र साखरेचीच कर, आणि गुळाचीच हवी असेल तर गॅस बंद करून जरा निवल्यावर गूळ घाल, नाहीतर दूध फाटतं.

एक शेवटचं. कोंब आलेल्या रताळ्याला घाबरू नकोस, ते बटाट्यासारखं विषारी होत नाही. कोंब खुडून टाक आणि वापर. पण बुरशी आलेलं, किडकं किंवा चाखल्यावर कडू लागणारं रताळं अख्खं फेकून दे. शिजवल्यानं तो कडूपणा जात नाही.