दातांची साक्ष : न्यायवैद्यक दंतशास्त्राचे सामर्थ्य आणि मर्यादा

२० डिसेंबर २०२४ रोजी पहाटे जयपूर-अजमेर महामार्गावर भांक्रोटा येथे एलपीजी वाहून नेणाऱ्या टँकरला ट्रकची धडक बसली. गळती झालेला वायू पसरून पेटला आणि एका प्रवासी बससह अनेक वाहने आगीच्या भक्ष्यस्थानी पडली. सुमारे २० जणांचा बळी घेणाऱ्या या दुर्घटनेतील काही मृतदेह ओळखण्यापलीकडे जळाले होते. जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात त्यांची ओळख नातेवाइकांच्या डीएनए नमुन्यांशी तुलना करून पटवावी लागली. मृताची ओळख निश्चित झाल्याखेरीज मृत्यूचा दाखला मिळत नाही. दाखल्याअभावी विमा, वारसाहक्क आणि नुकसानभरपाई अडून राहते. शिवाय कुटुंबाला अंत्यसंस्कारही करता येत नाहीत. अशा प्रसंगी उपयोगी पडणारी, परंतु आपल्याकडे अद्याप दुर्लक्षित असलेली शाखा म्हणजे न्यायवैद्यक दंतशास्त्र होय.

दाताचे बाह्य आवरण, म्हणजे एनॅमल, हा मानवी शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ. त्यात सुमारे ९६ टक्के खनिज द्रव्य असते. ओठ, गाल आणि जीभ यांच्या आडोशामुळे मागच्या दाढांपर्यंत आगीची धग उशिरा पोहोचते. दाताच्या गाभ्यातील मगजात डीएनएही टिकून राहू शकतो. मात्र तीव्र उष्णतेने दात ठिसूळ होऊन हाताळताना फुटतात. म्हणूनच दंततज्ज्ञाने शवागारात वाट पाहत बसण्यापेक्षा घटनास्थळी जाणे इष्ट ठरते.

कनौजचा राजा जयचंद याचा मृतदेह ११९४ मधील चंदावरच्या लढाईनंतर कृत्रिम दातांवरून ओळखला गेला, अशी आख्यायिका आहे. तिला इतिहास मानण्याचे कारण नाही. निश्चित पुराव्याचे उदाहरण पॅरिसचे आहे. ४ मे १८९७ रोजी तेथील एका धर्मादाय बाजाराला आग लागून १२० हून अधिक लोक मृत्युमुखी पडले. नातेवाइकांना न ओळखता आलेल्या मृतदेहांसाठी मृतांच्या दंतवैद्यांना पाचारण करण्यात आले. त्यांनी आपल्या नोंदींवरून अनेकांची ओळख पटविली. पॅरिसमध्ये कार्यरत असलेले क्यूबाचे दंतवैद्य ऑस्कर अमोएदो यांनी १८९८ मध्ये या विषयावर ग्रंथ लिहिला आणि शास्त्राचा पाया घातला गेला.

या पद्धतीत दोन चित्रे शेजारी ठेवली जातात : एक जिवंतपणीच्या नोंदींचे, दुसरे मृतदेहाच्या तपासणीचे. इंटरपोलच्या प्रपत्रांत पहिल्यासाठी पिवळा आणि दुसऱ्यासाठी गुलाबी रंग वापरतात. प्रत्येक दाताला दोन अंकी क्रमांक असतो. उदाहरणार्थ, ४६ म्हणजे खालच्या जबड्यातील उजवीकडील पहिली मोठी दाढ. तुलनेचा नियम साधा, पण कठोर आहे. जुन्या नोंदीत असलेली दाढ मृतदेहात नसेल, तर ती नंतर काढली गेली असे म्हणता येते. याउलट, पूर्वी काढलेली कायमची दाढ मृतदेहात शाबूत आढळली, तर ती व्यक्ती वेगळी असली पाहिजे. अशी एक विसंगतीदेखील दहा साम्यांवर मात करते. इंटरपोल बोटांचे ठसे आणि डीएनए यांच्या बरोबरीने दातांना ओळखीचे प्राथमिक साधन मानते.

परंतु हे सारे जुन्या नोंदींवर अवलंबून आहे. २००४ च्या त्सुनामीनंतर थायलंडमध्ये हा फरक ठळकपणे दिसला. परदेशी पर्यटकांच्या दंतनोंदी मायदेशातून मागविता आल्या व त्यांच्यापैकी बहुतेकांची ओळख दातांवरून पटली. स्थानिक मृतांच्या बाबतीत नोंदीच विरळ असल्याने ते साधन फारसे चालले नाही. भारताची स्थिती थायलंडच्या स्थानिकांहून निराळी नाही. दाढ दुखली की दवाखान्यात जायचे आणि एक्स-रे घरी आणून हरवायचा, हा सर्वसाधारण परिपाठ. दंतवैद्यांच्या २०१४ च्या आचारसंहितेने नोंदी किमान तीन वर्षे जपण्याचे बंधन घातले आहे. पण ज्याने कधी दात दाखविलेच नाहीत, त्याच्या बाबतीत या नियमाचा काय उपयोग? अशा वेळी हसताना दात दिसणारे छायाचित्रही तज्ज्ञांना उपयोगी पडू शकते.

दातांवरून वयाचाही अंदाज बांधता येतो. दुधाचे दात पडण्याचा आणि कायमच्या दातांची मुळे पूर्ण होण्याचा क्रम ठरलेला असल्याने बालवयात तो बराच अचूक असतो. अक्कलदाढ मात्र १७ ते २५ वर्षांच्या दरम्यान केव्हाही येते, काहींना येतही नाही. त्यामुळे नेमका १८ वर्षांच्या सीमारेषेवरचा निर्णय अवघड होतो. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ९४ नुसार शाळेचा किंवा परीक्षा मंडळाचा दाखला आणि जन्मदाखला यांना अग्रक्रम असून वैद्यकीय चाचणी ते नसतील तरच करावयाची असते.

चाव्याच्या खुणांचा पुरावा सर्वाधिक वादग्रस्त आहे. डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतील सामूहिक बलात्कार प्रकरणात पीडितेच्या शरीरावरील खुणांची छायाचित्रे आणि आरोपींच्या दातांचे साचे धारवाडच्या दंतमहाविद्यालयातील तज्ज्ञाकडे पाठविण्यात आले. काही खुणा दोन आरोपींच्या दातांशी जुळल्याचा निष्कर्ष निघाला. सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०१७ च्या निकालात तो विचारात घेतला. अर्थात डीएनए, मृत्युपूर्व जबानी आणि प्रत्यक्षदर्शी साक्षीदार यांच्या जोडीने. दुसरी बाजू अमेरिकेतील आहे. तेथे रे क्रोन या इसमास १९९२ मध्ये मुख्यतः चाव्याच्या खुणेवरून दोषी ठरविण्यात आले होते. डीएनए चाचणीनंतर २००२ मध्ये त्याची मुक्तता झाली. त्वचा ताणली जाते, सुजते, आक्रसते. मेणावर उमटावा तसा ठसा तिच्यावर उमटत नाही. २००९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या अहवालाने या पद्धतीच्या वैज्ञानिक आधाराबद्दलच शंका उपस्थित केली.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ३९ नुसार तज्ज्ञाचे मत ग्राह्य असते. १८७२ च्या कायद्यातील कलम ४५ ची जागा त्याने घेतली आहे. त्या मताला किती वजन द्यावयाचे, हे न्यायालय ठरविते. एनॅमलवरील जुन्या भरावाची एक्स-रेशी केलेली तुलना आणि त्वचेवरील अस्पष्ट खुणेवरून बांधलेला तर्क, ही दोन्ही मते एकाच कलमाखाली येतात.