चालू दुकान घेताना कोपऱ्यातले यंत्रही तपासा

कोकणातील अनेक मुस्लिम कुटुंबे ब्रिटनमध्ये स्थायिक आहेत. त्यांपैकी कोणी टेकअवे, कॅफे किंवा किराणा दुकान चालू स्थितीत विकत घेतो, तेव्हा एखाद्या कोपऱ्यात नाणे टाकून खेळण्याचे यंत्र उभे असू शकते. विकणारा म्हणतो, "यंत्र कंपनीचे आहे, आपल्याला नुसता हिस्सा मिळतो." एवढ्यावर सही करू नये. अशा कमाईबद्दल आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. येथे कायद्यापुरते पाहू.

१९६८ च्या जुन्या कायद्यात स्थानिक कौन्सिल अशा दुकानांना, मिनिकॅबच्या कचेऱ्यांनाही, लहान बक्षिसाच्या यंत्रांसाठी परवाना देऊ शकत असे. २००५ च्या जुगार कायद्याने ही सोय काढून घेतली. तो कायदा सप्टेंबर २००७ पासून पूर्णपणे अमलात आला. त्यामुळे "आमच्याकडे वर्षानुवर्षे आहे" हे उत्तर आता उपयोगाचे नाही. टेकअवेला असा परवाना मिळतच नाही. यंत्र दुसऱ्याच्या मालकीचे असले तरी ते गिऱ्हाइकांना खेळायला ठेवणारा दुकानदार गुन्ह्यात सापडतो आणि शिक्षेत कैदही आहे. पंजाने खेळणी उचलण्याचे यंत्र मुलांचे म्हणून सुटेल, असे समजू नये. तेही याच कायद्यात येते. बक्षीस नसलेला साधा व्हिडिओ गेम मात्र यात येत नाही.

मग परवाना कोणाला? ज्या जागेचा मुख्य उपयोगच अशा यंत्रांसाठी आहे, अशा कौटुंबिक करमणूक केंद्राला. समुद्रकिनाऱ्यावरच्या गावांत अशी केंद्रे दिसतात. तेथे फक्त सर्वांत खालच्या, म्हणजे 'डी' वर्गाची यंत्रे चालतात; त्यांची संख्या कितीही असू शकते. या वर्गात रोख बक्षिसाच्या साध्या यंत्रावर एका खेळाला १० पेन्स आणि बक्षीस ५ पौंड, ही मर्यादा आहे. अर्ज कौन्सिलकडे करायचा. इंग्लंड व वेल्समध्ये नव्या परवान्याची फी ३०० पौंड असून मुदत १० वर्षे असते. कौन्सिल पोलिसांचे मत घेते. परवाना द्यायचा की नाकारायचा, एवढेच तिच्या हातात. दिल्यावर त्याला आपल्या अटी जोडता येत नाहीत. म्हणूनच अर्जाच्या वेळी लहान मुलांच्या सुरक्षिततेबद्दल बारकाईने विचारणा होते. (पबची गोष्ट वेगळी. मद्यपरवानाधारकाला कौन्सिलला कळवून दोन यंत्रे ठेवता येतात.)

बक्षिसी बिंगोसाठी निराळा परवाना असतो. त्याचीही मुदत १० वर्षे. यात बक्षीस आधीच ठरलेले असते. किती जण खेळले किंवा किती पैसे जमले यावर ते अवलंबून नसते. तिकीट, खेळ आणि निकाल हे सारे त्याच जागी, त्याच दिवशी पुरे व्हावे लागते. वर सांगितलेल्या कौटुंबिक केंद्राचा परवाना असेल, तर सर्वांना समान संधी असलेला असा खेळ वेगळ्या परवान्याशिवाय चालवता येतो.

खरेदीदार जेथे फसतो ती जागा पुढे आहे. केंद्राचा परवाना धंद्याबरोबर विकला जात नाही. परवानाधारकाने जागेचा ताबा सोडला की तो संपतो. भिंतीवर चौकटीत टांगलेला कागद जुन्या मालकाच्या नावाचा असेल, तर किल्ली हाती आल्या दिवसापासून त्याला किंमत नाही. तेव्हा केंद्र घेणाऱ्याने स्वतःच्या नावाचा परवाना मिळेपर्यंत ताबा घेऊ नये. दुकान किंवा टेकअवे घेणाऱ्याने ताब्यापूर्वी यंत्र जागेवरून हलवले जाईल, असे विक्रीच्या करारातच लिहून घ्यावे.